डबा ऐसपैस: पहिला जिओकॅश लपवायचाय, काय काय बघावं?

पावसाळी
नमस्कार मंडळी. आम्ही ओरेगनमध्ये बीव्हरटनला राहतो. घरात चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा लेक. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने आम्हाला जिओकॅशिंगची गोडी लावली आणि तेव्हापासून शनिवार-रविवार मुलं स्वतःहून बूट घालून दारात उभी असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा (म्हणजे जिओकॅश, किंवा नुसता कॅश) लपवतं, आत एक वही ठेवतं आणि जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. बाकीचे फोन घेऊन तो शोधतात, वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. बक्षीस काही नाही. आत्तापर्यंत आम्हाला ७३ सापडले.

गंमत म्हणजे हा खेळ सुरू झाला तो आमच्या घरापासून पाऊण तासावर. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आलं. लगेच ३ मेला डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली. आत पुस्तकं, गलोल, बीन्सचा डबा असलं काहीबाही ठेवलं आणि आकडे इंटरनेटवर टाकले. आता तिथे स्मृतिफलक आहे. मागच्या मे महिन्यात आम्ही तो बघून आलो आणि परतीच्या वाटेवर लेक म्हणाली, "आई, आता आपण लपवायचा."

नाव तिने ठरवून टाकलंय: डबा ऐसपैस. गावी आत्तेभावंडांबरोबर खेळली होती, ते डोक्यात राहिलंय. प्रश्न जागेचा आहे. नवऱ्याला दाट रानात, नेच्यांच्या आड, बंदुकीच्या गोळ्यांचा असतो तो मोठा लोखंडी डबा ठेवायचाय. लेकीला घराजवळ हवाय, सायकलने जाऊन बघता येईल असा. मला दोघांचंही पटतंय. शिवाय आमच्याकडे ऑक्टोबर ते मे पाऊस. वही कोरडी कशी ठेवायची? परवानगी कुणाची? आकडे अचूक कसे घ्यायचे? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

चकली
नाव फार आवडलं. वाचतेय.

अण्णा_सिएटल
मी २००९ पासून डबे लपवतोय, सध्या माझे चौदा चालू आहेत. सविस्तर लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

आधी जागा, मग डबा. बहुतेक जण उलटं करतात: छान डबा आणतात आणि तो घेऊन जागा शोधत फिरतात. तुम्ही चौघं बसा आणि विचार करा, गावाहून पाहुणे आले तर त्यांना पायी कुठे न्याल? ओढ्यावरचा लाकडी साकव, जुनं झाड, सूर्यास्त दिसणारा बाक, काहीही. तिथे डबा ठेवा. लोक डबा विसरतात, जागा विसरत नाहीत.

दुसरं, अंतर. दोन डब्यांमध्ये एक दशांश मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर लागतं. नकाशावर जागा मोकळी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. कोडं सोडवून शोधायच्या डब्यांची खरी जागा नकाशावर दिसत नाही. खूण एकीकडे आणि डबा तीन किलोमीटरपर्यंत कुठेही असू शकतो. माझा पहिला डबा यामुळे दोनदा परत आला. तिसऱ्या खेपेला मी, प्रत्येक डबा प्रसिद्ध होण्याआधी जो तपासतो त्या तपासनीसालाच आधी आकडे पाठवून "इथे जागा मोकळी आहे का" असं विचारलं. तसं विचारता येतं. ही सगळी माणसं स्वयंसेवक आहेत, प्रेमाने उत्तर देतात.

तिसरं, आकडे. अंश आणि दशांश मिनिटं असं लिहितात, मिनिटं तीन दशांश स्थळांपर्यंत. शेवटचा आकडा एकाने चुकला तर उत्तर-दक्षिण १.८५ मीटरचा फरक पडतो, पूर्व-पश्चिम तुमच्या अक्षांशावर सुमारे १.३ मीटरचा. पण उंच डग्लस फरखाली फोन सहज दहा मीटर भरकटतो, कारण उपग्रहाचा संदेश खोडांवर आणि ओल्या पानांवर आपटून येतो. म्हणून फोन डब्यावर ठेवून पाच मिनिटं थांबा आणि आकडा टिपा. मग वीस पावलं लांब जाऊन परत या आणि पुन्हा टिपा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि सरासरी घ्या. हे काम मुलांना द्या. माझ्या मुलाला सरासरी शाळेत कळली नव्हती, ती या खेळात कळली.

मावळा_७७
मस्त धागा! आपल्याकडे गडकिल्ल्यांवर हे सुरू केलं तर काय बहार येईल. प्रत्येक गडावर एक डबा, तटबंदीच्या फटीत.

डोंगरवेडा
मावळा, उत्साह कळतो, पण कृपा करून गडावर नको. मी पुण्यात राहतो, वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. तटाच्या फटीत डबा ठेवला की पुढचे पन्नास जण प्रत्येक फटीत बोटं घालणार, सुटा दगड हलवून बघणार. चुना केव्हाच गेलाय, दगड नुसता दगडावर बसलाय. बरेच गड केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत आणि जुलै २०२५ मध्ये त्यातले अकरा, तमिळनाडूतल्या जिंजीसह बारा, जागतिक वारसा यादीत गेले. तिथे लेखी परवानगीशिवाय काही ठेवायचं नाही. या खेळाच्या नियमांतही जागेच्या मालकाची परवानगी लागतेच.

आपल्याकडे दुसरा एक प्रकार जास्त शोभतो: अर्थकॅश. त्यात डबाच नसतो. जागेचं भूशास्त्र समजून घ्यायचं, तिथे उभं राहून दोन-तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि ती लिहून पाठवायची. हे 'जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका' या संस्थेने २००४ मध्ये सुरू केलं. माझ्या मनात निघोजचे रांजणखळगे आहेत. कुकडीच्या पात्रात पाण्याबरोबर गोटे गरगर फिरून बेसाल्टमध्ये रांजणासारखे खड्डे पडलेत. त्या काठावर मुलांना उभं करून "हा खड्डा गोलच का?" एवढं विचारलं तरी अर्धा दिवस जातो. अर्थात तिथेही परवानगी काढावी लागेल.

मावळा_७७
पटलं. फटींचा विचारच केला नव्हता. रांजणखळग्यांचं जमवा, मी येतो मदतीला.

शेवाळ
माझा थोडा विरोध नोंदवते. मीही ओरेगनमध्येच आहे, झाडांच्या संवर्धनाचं काम करते. रानात वाटेपासून तीस पावलं आत डबा ठेवला की वर्षभरात तिथे एक नवी पायवाट पडते. मी अशा वाटा मोजल्या आहेत. इथल्या ट्रिलियमला बी रुजल्यापासून फूल यायला सात-आठ वर्षं लागतात. एक बूट पडला की तेवढी वर्षं गेली. शेवाळाचंही तसंच. पावसाळी, तुमच्या यजमानांना नेच्यांच्या आड ठेवायचाय म्हणता, तो नेचाच महिनाभरात तुडवला जाईल. पॉयझन ओकचाही धोका आहे. तीन-तीन पानांची ती झुडपं मुलांना ओळखता येत नाहीत आणि अंगावर उठलेली खाज दोन आठवडे जात नाही.

मुळात प्लास्टिकचा डबा रानात नेऊन ठेवायची गरज काय, हा प्रश्न मला पडतोच.

अण्णा_सिएटल
शेवाळ, तुमचं वाटेबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. म्हणूनच मी डबा वाटेवरून हात पुरेल इतकाच आत ठेवतो. पण खेळणाऱ्यांचं एक सांगायला हवं: २००२ पासून 'कॅश इन, ट्रॅश आउट' नावाचा उपक्रम चालतो, डबे शोधता शोधता कचरा गोळा करायचा. आमच्याकडे मुलं खिशात पिशवी ठेवूनच निघतात. पडद्यासमोरची मुलं रानात आली, तर उद्या रान वाचवायला तीच उभी राहतील असं मला मनापासून वाटतं.

शेवाळ
मुलं रानात यावीत हे मलाही हवंय. वाटेच्या कडेला ठेवणार असाल तर माझा विरोध तिथेच संपला.

पायवाट
मी इंग्लंडात, लीड्सजवळ. दोन गोष्टी.

एक सावधगिरीची. २०११ मध्ये आमच्या शेजारच्या वेदरबी गावात भर रस्त्यावर एका माणसाला कुंडीखाली छोटी डबी ठेवताना कुणीतरी पाहिलं आणि पोलिसांना कळवलं. बॉम्बशोधक पथक आलं, रस्ता रिकामा केला आणि डबी स्फोट करून उडवली. होती ती जिओकॅशची. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. डबा पारदर्शक. वर ठळक अक्षरांत 'हा जिओकॅश आहे, धोकादायक नाही' आणि त्याचा क्रमांक. आणि आत पहिल्याच पानावर खेळाची चार ओळींत माहिती. शाळा, रेल्वेरूळ, विमानतळ, लष्करी जागा यांच्या जवळपास तर विचारही करू नये. लोखंडी गोळ्यांच्या डब्याचं म्हणाल, तर तो टिकाऊ खरा, पण वरचा लष्करी मजकूर पूर्ण रंगवून झाकल्याशिवाय वापरू नका.

दुसरी आनंदाची. अल्मर यांच्या बादलीच्या दीडशे वर्षं आधी आमच्याकडे याचा पणजोबा होता. १८५४ मध्ये डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बरणी ठेवली. तिथवर पोचणारे आपलं कार्ड तीत ठेवायचे. त्यातून लेटरबॉक्सिंग निघालं. डबीत रबरी शिक्का असतो, आपल्या वहीत तो उमटवून घ्यायचा आणि आपला शिक्का तिथल्या वहीत उमटवायचा. तुमच्या धाकट्याला हे फार आवडेल. खोडरबराचा शिक्का कोरून द्या त्याला.

निवडुंग
श्टुटगार्टहून नमस्कार. जर्मनीत या खेळाचं प्रचंड वेड आहे आणि लेकीला सांगा, इथले खेळाडू कॅशला 'डोझे' म्हणतात. डोझे म्हणजे डबाच! ती एकदम बरोबर वाटेवर आहे.

आता डब्याबद्दल, कारण ओल हा माझा जिव्हाळ्याचा विषय. फोटोच्या रिळाच्या डब्या विसरा, त्या पाणी धरतात. झाकणाला रबरी कडं आणि चारही बाजूंनी कड्या असलेला जेवणाचा डबा सर्वांत चांगला. दोनशे मिलिलीटरच्या पुढचा घ्या, म्हणजे अदलाबदलीची छोटी खेळणीही मावतात. लहान हवा असेल तर शीतपेयाची बाटली फुगवायच्या आधी जी जाड नळी असते ती मिळते. तिला बाटलीचंच बूच बसतं, पाण्याचा थेंब आत जात नाही. इथे तिला 'पेटलिंग' म्हणतात. वहीसाठी पावसात लिहिता येणारा कागद आणि पेन्सिल. पेन नको, थंडीत चालत नाही आणि ओलीत शाई पसरते. आणि वही झिपच्या पिशवीत.

खाऊ कधीच नाही. साबण, मेणबत्ती, वासाचं काहीही नाही. जनावरं डबा फोडतात.

अजून एक: इथे वटवाघळं हिवाळ्यात झोपतात त्या गुहा आणि तळघरांमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मार्च जाण्याला कायद्याने बंदी आहे. तिथले कॅश तेवढे महिने बंद ठेवतात. आम्ही मुलांना सांगतो, 'डबा झोपलाय'. ती बरोब्बर एप्रिलची वाट बघतात.

अण्णा_सिएटल
निवडुंगबाई, बाकी सगळं मान्य, झिपची पिशवी अमान्य. दहाव्या माणसाच्या हातात ती फाटते, मग आत आलेलं पाणी बाहेर जात नाही आणि वहीचा लगदा होतो. डबा चांगला असेल तर पिशवी लागत नाही, वाईट असेल तर पिशवी वाचवत नाही.

निवडुंग
अण्णा, माझ्या डब्यांत सहा वर्षं पिशवी टिकलीय. दर वसंतात बदलते. मतभेद कायम ठेवूया. :)

शेवाळ
या दोघांत मी अण्णांच्या बाजूने. पण एक भर घालते, ओरेगनमध्ये खरी शत्रू गोगलगाय. अगदी बारीक फटीतून आत शिरते आणि कागद खाते. अक्षरशः कुरतडून जाळी करते. डबा जमिनीवर नको, वीतभर तरी वर हवा.

आजोबा_नाशिक
मी या खेळात अडाणी, पण नावावरून एक शंका. आमच्याकडे याला डबडा ऐसपैस म्हणत. डबा म्हणजे जेवणाचा. खेळायचं ते डबडं. तेलाचं, गंजलेलं.

चकली
काका, आमच्या कोकणात डबा ऐसपैसच. आणि ऐसपैस हे 'आय स्पाय'वरून आलं असं वडील सांगायचे.

मोगरा
आमच्याकडे डब्बा-आईसपाईस. डबडं दूर भिरकावायचं, राज्य असलेल्याने ते आणून वर्तुळात ठेवायचं, तोवर बाकीच्यांनी लपायचं. कुणी दिसला की नाव घेऊन ओरडायचं. आणि एखाद्याने मागून येऊन डबडं उडवलं की सगळे सुटले, पुन्हा राज्य. संध्याकाळी दिवे लागले तरी माझं राज्य संपायचं नाही. किती वर्षांनी आठवलं हे.

झुळूक
पक्ष्यांच्या घरट्यासारखा डबा करण्याचा विचार कुणी करत असेल तर आमचा अनुभव ऐका. आम्ही कोलोरॅडोत राहतो. लाकडी घरटं केलं, दार उघडलं की आत वही. छान जमलं होतं. मार्चअखेर चिकडी पक्ष्याच्या जोडीने त्यात खरोखरच घर केलं. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याने अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवता येत नाही, आणि हलवायचं मनातही नव्हतं. संकेतस्थळावर कॅश तात्पुरता बंद केला आणि मुलांनी लांबून दुर्बिणीतून पिल्लं मोजली. सगळी उडून गेल्यावर भोकाच्या आतून लाकडाची चकती लावली. बाहेरून दिसतं तसंच, पक्ष्याला आत जाता येत नाही.

पावसाळी
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवाळ, तुमचं ट्रिलियमचं वाचून नवरा गप्प झाला आणि म्हणाला, "रान बाद." त्याने स्वतःहून मान्य केलं. लेकीने वहीत तक्ता केलाय: वाटेपासून हातभर, जमिनीपासून वीतभर, पारदर्शक, पेन्सिल. पिशवीच्या रकान्यात 'अण्णाआजोबा विरुद्ध निवडुंगमावशी' असं लिहिलंय.

आता जागा दोन उरल्यात. ओढ्याकाठचा बाक किंवा आमच्या वसाहतीजवळच्या सामुदायिक मळ्याचं कुंपण. मळ्यात लोक छोटे वाफे घेऊन भाजी लावतात, आमचाही एक वाफा आहे, मेथी आणि गवार लावतो. कुंपणाबाहेरून डांबरी पायवाट जाते.

चाकोरी
आत्तापर्यंत नुसती वाचत होते, पण डांबरी वाट म्हणालात म्हणून लिहिते. माझा मुलगा अकरा वर्षांचा, चाकांच्या खुर्चीत असतो. न्यू जर्सीत राहतो. हा आमच्या घरातला एकमेव खेळ आहे ज्यात तो पुढे आणि आम्ही मागे.

प्रत्येक कॅशला दोन अंक असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. पोचण्याच्या अंकात एक याचा अर्थ चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला तिथवर जाता आलं पाहिजे. पण लोक 'सोपं आहे' म्हणून एक देतात आणि आम्ही तासभर गाडी चालवून गेल्यावर कळतं की शेवटी तीन पायऱ्या आहेत, किंवा डबा पायाशी गवतात आहे. मागच्या वर्षी असं चार वेळा झालं. तो काही बोलत नाही, गाडीत खिडकीबाहेर बघत बसतो.

तुम्ही खरंच मळ्याच्या कुंपणावर ठेवणार असाल तर बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर ठेवा आणि मध्ये कडा, खडी, चढ नाही ना ते बघा. मग बिनधास्त एक द्या. कुणीतरी तुम्हाला मनातून दुवा देईल.

पावसाळी
चाकोरी, आमचा निर्णय झाला. मळाच. परवानगीचं पत्र आजच लिहिते.

डोंगरवेडा
चाकोरीताई, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. रांजणखळग्यांचं करताना कुठल्या बाजूने चाकं जाऊ शकतात ते आधी बघून येईन आणि जमत नसेल तर तसं स्पष्ट लिहीन.

मोगरा
एक कल्पना: अक्षांश-रेखांश देवनागरी अंकांत द्या! अमेरिकन लोकांना आपला १ त्यांच्या नवासारखा दिसतो, ४ आठासारखा. फुकटात कोडं तयार.

अण्णा_सिएटल
कल्पना झकास, पण दुसऱ्या डब्यासाठी राखून ठेवा. कोड्याचा डबा केला तर मळ्याजवळ राहणारं कुटुंब पहिल्यांदाच ॲप उघडेल तेव्हा त्यांना तो दिसणार नाही. फुकट सदस्यांना ॲपवर सोपे, साधे डबेच दिसतात. पहिला साधाच असावा. आणि कोडं कराल तेव्हा उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायची सोय ठेवा, नाहीतर लोक कुणाच्या तरी परसात फावडं घेऊन उभे राहतील.

पायवाट
तोवर सुगाव्याची गंमत मुलीला शिकवा. संकेतस्थळावर कॅशच्या पानावरचा सुगावा सांकेतिक लिपीत असतो: इंग्रजी अक्षरं सव्वीस, प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे. पुन्हा तेरा पुढे गेलं की मूळ अक्षर परत. कागदाच्या दोन चकत्या एकावर एक टाचणीने जोडल्या की यंत्र तयार.

मोगरा
आत ठेवायला काय? आम्ही सावंतवाडीचे छोटे लाकडी भोवरे ठेवतो. पाच मिनिटांत संपतात.

निवडुंग
फिरता बिल्लाही ठेवा एखादा. त्यावर क्रमांक असतो, लोक तो एका डब्यातून दुसऱ्यात नेतात आणि नकाशावर त्याचा प्रवास दिसतो. २००८ मध्ये अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी असा एक बिल्ला अंतराळस्थानकावर नेला. आणि २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या एका तपासपट्टीवरही असा क्रमांक आहे. माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने गच्चीवर जाऊन मंगळ कुठे दिसतो ते शोधलं. फक्त मुलांचं लाडकं खेळणं बिल्ल्याला बांधू नका, हरवतात. आमचं पितळी घुंगरू फ्रान्समध्ये कुठेतरी गेलं.

डोंगरवेडा
अवांतर, पण महत्त्वाचं. परदेशातून सुट्टीत येणाऱ्यांनी फोन आणावा, तो पुरतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी जी उपकरणं तिकडे गिर्यारोहक वापरतात, ती परवान्याशिवाय भारतात आणणं बेकायदेशीर आहे. विमानतळावर लोक अडकलेत. आणि इथे गर्दीच्या जागी डबा ठेवू नका. बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना कळवा, हे आपण लहानपणापासून पाटीवर वाचतोय आणि ते योग्यच आहे.

आजोबा_नाशिक
देखभालीचं कुणी बोललं नाही. डबा लपवला की संपलं का?

अण्णा_सिएटल
काका, हाच खरा प्रश्न. संपत नाही, सुरू होतं. कुणी 'सापडला नाही' लिहिलं की जाऊन बघायचं. वही भरली, बदलायची. झाकण तुटलं, नवं आणायचं. म्हणूनच सुट्टीत फिरायला गेलेल्या गावी डबा ठेवू देत नाहीत, मागे लक्ष देणारं कुणी हवं. कॅन्ससमध्ये मिंगो नावाचा डबा आहे, ११ मे २००० चा, अजून चालू आहे, चालू असलेल्यांत सर्वांत जुना. पावसाळी, तुमच्या लेकीला सायकलने जाऊन बघता येईल असा हवाय ना? ती पहिल्या दिवसापासून बरोबर बोलतेय.

पावसाळी
पाच आठवड्यांनी परत आले. उशीर झाला कारण मळ्याच्या समितीची बैठक महिन्यातून एकदाच असते. लेक स्वतः बैठकीला आली. हातात नकाशा, डब्याचा नमुना आणि चाकोरीताईंनी लिहिलेल्यातलं दोन वाक्यांचं इंग्रजी भाषांतर. समितीने होकार दिला. अट एकच, वाफ्यांत कुणी शिरता कामा नये म्हणून डबा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला हवा. लेखी परवानगी मिळाली, ती आम्ही तपासनीसाला जोडली.

नवऱ्याने देवदाराची छोटी पेटी केली आणि कुंपणाच्या खांबाला लावली, वाटेपासून ९० सेंटिमीटर उंचीवर. आत कड्यांचा पारदर्शक डबा. शेजारणीची चाकांची खुर्ची मागून आणून मी स्वतः बसून पाहिलं. पहिल्यांदा हात पोचला, पण झाकण उघडताना पेटीची कड मनगटाला लागत होती. नवऱ्याने कड कापून गोल केली. आकडे लेकीने चार दिवस घेतले, दोनदा पावसात. तपासनीसाने एकदा परत पाठवलं, वर्णनात जवळच्या पार्किंगचे आकडे नव्हते म्हणून. ते घातले.

बुधवारी रात्री प्रसिद्ध झाला. गुरुवारी सकाळी ६:२० ला पहिली नोंद! लेकीने शाळेआधी जायचा हट्ट धरला, गेलो. वहीत दोन सह्या होत्या. एक भोवरा गेला होता आणि त्याच्या जागी कुणीतरी बोटाएवढा पत्र्याचा बीन्सचा डबा ठेवला होता, किल्लीच्या कडीला अडकवायचा असतो ना, तसा. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. ती कडी आता तिच्या दप्तराला आहे.

शनिवारी एकाने 'सापडला नाही' लिहिलं आणि ती रडवेली झाली. सायकलने जाऊन आली, डबा होता तिथेच होता. मग तिने त्या माणसाला सुगावा थोडा वाढवून पाठवला. रविवारी तो परत आला आणि त्याला सापडला.

चाकोरी
मनगटाचं वाचून मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "त्यांना सांग, पेटीचं दार डावीकडे उघडतं की उजवीकडे तेही लिहा." माझ्या मुलाचा उजवा हात चालतो.

पावसाळी
डावीकडे उघडतं, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. आजच वर्णनात घालते. त्याला आमच्या सगळ्यांकडून धन्यवाद सांगा.

आजोबा_नाशिक
वर्णनात डबडा लिहिलंत की डबा?

पावसाळी
काका, नाव डबा ऐसपैस. पण खाली लेकीने खेळाचे नियम इंग्रजीत लिहिलेत आणि शेवटी एक ओळ आहे: 'नाशिकमध्ये याला डबडा म्हणतात.' दोन कुटुंबांनी नोंदीत लिहिलंय की वाचून मुलांनी तिथेच, वाटेवर, रिकाम्या कॅनने खेळून पाहिलं.

उद्यापासून पाऊस सांगितलाय. पहिला मोठा पाऊस पडून गेला की झाकण उघडून बघू, मग कळवते. यावेळी पिशवी घातलेली नाही.

निवडुंग
वाट बघतेय. :)